अळणी रोट

बुलढाणा जिल्ह्यात मी गेले ती काही फिरायला गेले नव्हते. माझ्या लेकीच्या सुनेला चार शब्द समजावून सांगायला गेले होते. समजावणं राहिलं बाजूला, मीच नको ते करून परत आले. पण आमच्या राजापूरकडच्या बायका भेटतील तिथे विचारतात, "तिकडे काय बघितलंस गं? काय खाल्लंस?" प्रत्येकीला सांगून घसा बसला, तेव्हा म्हटलं एकदाच लिहून काढू. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ बघत बसू नका.

कोकणातली लेक एवढ्या लांब कशी पडली, ते आधी सांगते. तिकडचे पुष्कळ मास्तर आमच्याकडच्या शाळांवर नेमणुकीला येतात. तसे प्रकाशराव आमच्या गावच्या शाळेवर आले आणि आमच्याच पडवीतल्या खोलीत भाड्याने राहिले. पुढचं काय सांगू! गावाला दोन महिने दुसरा विषय नव्हता. लग्न झालं, दोन वर्षांत त्यांची बदली त्यांच्या जिल्ह्यात झाली आणि माझी सुशी धामणगाव बढेच्या पलीकडच्या एका गावात जाऊन राहिली. गावाचं नाव लिहीत नाही, घरातली गोष्ट आहे.

त्या घरात एक रीत आहे. त्यांच्या शेताच्या बांधावर लिंबाखाली एका पीराची मजार आहे. होळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी त्या पीराचा संदल, म्हणजे वर्षाचा उत्सव, असतो. त्या दिवशी या घरच्या सुनेने रोट करायचा. रोट म्हणजे कणीक-गुळाची जाडजूड भाकर, ताटाएवढी. खळ्यावरचा पहिला गहू कोणी तोंडात घालायच्या आधी बाजूला काढायचा, उपास धरून जात्यावर दळायचा, गुळाच्या पाण्यात मळायचा, गोवऱ्यांवर भाजायचा. चाखायचा नाही. आणि मीठ घालायचं नाही, अळणी करायचा. मग तो मजारीवर न्यायचा. तिथे मुजावराच्या, म्हणजे मजार सांभाळणाऱ्याच्या, घरची बाई तो मोडते, त्याचा मलिदा करते आणि गावभर वाटते, हिंदू-मुसलमान सगळ्यांना. सुशीच्या सासूने केला, तिच्या सासूने केला. गेली अठ्ठावीस वर्षं सुशीने केला.

आता सुशीच्या उजव्या मनगटाने दगा दिला. अंगठ्यापासून वर कळ जाते, लाटणं धरवत नाही. म्हणून यंदापासून रोट सुनेकडे द्यायचा तिने ठरवलं, आणि सून पल्लवी म्हणाली, "आई, मी मानत नाही. मी नाही घेणार."

सुशीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. "आई, तू ये. ती तुले लई मानते. माहे दोघे दीर पुण्याले राह्यतात, त्यांच्या घरात कोणी करत नाही. पल्लवीनं नाही घेतला तर रोट माह्यासंगं संपला."

हो, माझी लेक आता 'तुले-मले' बोलते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता मीच तिच्याशी फोनवर चार वाक्यं बोलले की 'का'ऐवजी 'काऊन' म्हणायला लागते.

मलकापूरहून पुढे

गाडीत काय झालं ते सांगत नाही, गाडीत काहीच झालं नाही. मलकापूरला उतरले तेव्हा ऊन असं, की स्टेशनवरचा लोखंडी बाक उदबत्तीसारखा चटका देत होता. प्रकाशराव जीप घेऊन आले होते.

आमच्याकडे नजर टाकली की कुठेतरी अडते, झाडाला, डोंगराला, नाहीतर शेजाऱ्याच्या कौलाला. इथे अडतच नाही. काळी जमीन, उपटून रचलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काटक्या, आणि पार लांब अजिंठ्याच्या डोंगराची निळी रेघ. मधे एखादा पळस असा फुललेला, की मी जीप थांबवायला लावली. प्रकाशराव म्हणाले, "आई, झाडच हाय, कुठं पळून नाही जात." पण थांबले बिचारे.

जेवायला कळण्याची भाकरी होती, ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली, आणि वांग्याचं भरीत. शेजारी हिरवं काहीतरी वाटीत होतं. मी चटणी समजून आपलं नेहमीसारखं बोटभर घेतलं. तो ठेचा निघाला. पाच मिनिटं मला कोणाचं काही ऐकू येत नव्हतं. पल्लवी धावत जाऊन ताक घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, हा आईंनी तुमच्यासाठी कमी तिखट केला होता."

अशी ती मुलगी. सडसडीत, केस वर बांधलेले, बोलताना सरळ डोळ्यांत बघणारी. लग्नाला वर्ष झालंय; नवरा, म्हणजे माझा नातू, नोकरीमुळे बाहेरगावी असतो. मला ती पहिल्यापासून आवडते, हीच तर अडचण होती.

मोताळ्याची प्रयोगशाळा

दुसऱ्या दिवशी मी पल्लवीबरोबर मोताळ्याला गेले. ती तिथे रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. म्हटलं जाता-येता बोलणं होईल, घरात सुशीचे कान असतात.

गावातून बाहेर पडताना मजार लागते. हिरवा रंग दिलेला बुटका ओटा, वर लिंबाची सावली, कोपऱ्यात पाण्याचा माठ. आमच्याकडे गावच्या राखणदार देवाला वर्षाचा नारळ देतात, गाऱ्हाणं घालतात, तशीच ती जागा मला वाटली. मी हात जोडले. माझ्या पुढे चालणाऱ्या पल्लवीने काय केलं असेल? दोन्ही हात पाठीमागे नेऊन बांधले. शाळेत कवायतीला बांधतात तसे. मजार मागे पडली आणि हात सुटले.

लॅबमध्ये मी बाकावर बसून होते. एक वयस्कर गृहस्थ लघवीचा नमुना खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत घेऊन आले. पल्लवीने बाटली उजेडात धरली.

"काका, यात जुनं औषध हाय. हे नाही चालणार. ही नवीन डबी घ्या."

"थोडंसंच होतं वं माय. धुतली ना मी."

"थोडंसंच असते, काका, अन् तेवढ्यानंच रिपोर्ट चुकते. तुम्ही माह्या भरोशावर तो कागद डॉक्टरकडं नेता ना?"

ते पुटपुटत डबी घेऊन गेले. मला तेव्हा वाटलं, काय कडक आहे ही पोर. दोन दिवसांनी तोच कडकपणा माझ्या वाट्याला येणार होता, ते काय माहीत!

परत येताना मी विषय काढला. म्हटलं, "बाळा, एक दिवसाचा रोट. तुझ्या सासूचं मन राहील."

"आजी, एक दिवसाचा नाही तो. एकदा घेतला की जन्मभराचा. दरवर्षी उपास धरायचा, हात जोडायचे, अन् आतून काहीच नाही. लोकं समजणार मी भक्तीनं केलं. ते खोटंच झालं ना?"

"अगं, देवाचं कोणी जबरदस्तीने करतं का? मी आयुष्यभर सगळं माझ्या मनाने केलं."

"तुम्ही कितव्या वर्षी ठरवलं?"

मी आठवायला लागले. पहिला उपास सातव्या वर्षी, श्रावणात. आई म्हणाली, आज सोमवार, तुला वरीचे तांदूळ. मी खाल्ले. पुढच्या सोमवारी पुन्हा खाल्ले.

"ठरवलं वगैरे नाही गं," मी म्हटलं. "सोमवार आला, ताटात वरीचे तांदूळ आले."

"म्हणजे तांदळानं ठरवलं!" ती म्हणाली, आणि दोघी रिक्षात अशा हसलो की रिक्षावाला वळून बघायला लागला.

हसले खरी, पण मला ते लागलं. मी म्हटलं, "आणि तू नाही म्हणतेस, ते तरी तू ठरवलंस का?"

"हाव," ती म्हणाली. "पूर्ण विचार करून."

खामगाव

तिसऱ्या दिवशी आम्ही खामगावला पल्लवीच्या माहेरी गेलो. कापसाचं जुनं गाव. जिनिंगच्या लांबलचक भिंती, रस्त्याकडेला उडून बसलेला कापूस, आणि तेलाच्या घाण्यांजवळून गेलं की सरकीचा जड गोडसर वास. आमच्याकडे मासळीचा वास येतो त्याचं आम्हाला काही वाटत नाही, तसं त्यांना या वासाचं वाटत नसावं. मी विचारलं तर पल्लवीची आई म्हणाली, "कोणता वास?"

पल्लवीचे वडील निवृत्त शिक्षक. घरात देव नाहीत. देवघराच्या कोनाड्यात पुस्तकं. माणूस सभ्य, शांत. मला म्हणाले, "आमच्या घरी सक्ती नाही, आजी. पोरींवर काही लादलं नाही मी. त्यांनी त्यांचं ठरवावं."

मी मान हलवली. पल्लवीची आई मला मागच्या अंगणात वाळवण दाखवायला घेऊन गेली. मी सहज विचारलं, "तुम्ही माहेरी काही करायचात का?"

"मंगळवार करायची ना. इथं आली अन् सोडला."

"स्वतःच्या मनाने?"

ती कुरडयांवरचं फडकं सारखं करत म्हणाली, "आता हे इतक्या वर्षांनी तुम्हीच इचारून राह्यल्या."

संध्याकाळच्या आत निघायचं होतं. पल्लवीचे वडील आम्हाला जीपपर्यंत सोडायला आले. गल्लीच्या कोपऱ्यावर एक मारुतीचं देऊळ आहे. देवळासमोर आले, तसे त्यांचे दोन्ही हात पाठीमागे गेले आणि बांधले गेले. बोलणं चालूच होतं, उन्हाबद्दल बोलत होते. देऊळ मागे पडलं, हात सुटले.

मी पल्लवीकडे बघितलं. तिचेही हात पाठीमागे.

जीपमध्ये बसल्यावर मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी कधी बांधते हात?"

"आत्ता बांधलेस. काल मजारीपाशी बांधलेस. तुझे वडीलही तसेच."

तिने दोन्ही हात पुढे मांडीवर घेतले. मग हळूच म्हणाली, "बाबा आम्हाले लहानपणी देवळासमोरून नेत तेव्हा म्हणत, हात मागं. बाकी कोणी जोडायले लावू नये म्हणून."

मला वाटलं, जिंकले! सुशीला मी रात्री सांगूनसुद्धा टाकलं, की उद्या तुझी सून ऐकेल. माणसाने इतकं लवकर खूश होऊ नये.

गुरुवार

संदलाच्या दिवशी मीही लेकीबरोबर उपास धरला. सुशीने दुखऱ्या मनगटाने दोन दिवस उपाशीपोटी थोडं थोडं करून सव्वा किलो पीठ दळून ठेवलं होतं. जातं फिरवताना ओठ असे आवळायची, की मला बघवेना. "माह्या सासूनं मले दिला तेव्हा मले कोणी इचारलं नव्हतं," ती पल्लवीकडे न बघता म्हणाली. यात तक्रार होती की अभिमान होता ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक तिलाही नाही.

मळायचं काम मी मागून घेतलं. सुशी अंगणात गोवऱ्या रचायला गेली. मी आंघोळ करून, पदर खोचून परातीपुढे बसले. गुळाचं पाणी, तूप, पीठ. पल्लवी कामावर निघाली होती, माठातून बाटली भरत होती. माझं आपलं मळणं आणि बोलणं दोन्ही चालू होतं. राजापूरच्या उन्हाळ्यातल्या पाण्याच्या हालांबद्दल काहीतरी सांगत होते.

"आजी," पल्लवी म्हणाली, "आत्ता तुम्ही काय टाकलं?"

"कुठे काय?"

"पिठात. त्या बरणीतून."

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. अंगठ्याला आणि बोटाला पांढरे कण चिकटले होते. चुलीजवळच्या मिठाच्या बरणीचं झाकण उघडं होतं.

देवाशपथ सांगते, मला काही आठवत नव्हतं. आमच्याकडे गोडात चिमूटभर मीठ घालतात. शिरा असो, खांडवी असो, मोदकाची उकड असो, चिमूट पडतेच. त्याशिवाय गोडाला चव नाही, असं आई म्हणायची. साठ वर्षं घालतेय मी. सातव्या वर्षापासून स्वयंपाकघरात आहे, पण हात बरणीत गेला कधी, आला कधी, मला पत्ता नाही. मी पाण्याच्या हालांत होते. मीठ माझ्या हाताने आपलं आपण टाकलं.

आणि मग मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी दाराकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "बोलू नकोस. चाखत तर कोणी नाही. चिमूटभराने कोणाला काय कळणार?"

देवावर श्रद्धा कशी असावी, ते शिकवायला मी आले होते बरं का.

पल्लवीने बाटलीचं बूच लावलं आणि माझ्यासमोर बसली. "आजी, मी मानत नाही म्हणून मी करत नाही. पण आईंनी दोन दिवस तो हात घेऊन दळलं. मजारीवरच्या हमीदाचाची भरोशानं तो रोट मोडणार. त्यांना सांगावं लागन."

"थोडंसंच पडलं गं."

"थोडंसंच असते," ती म्हणाली. आणि आम्हाला दोघींनाही तो खोकल्याच्या औषधाचा गृहस्थ आठवला असणार, कारण मी पुढे वाद घातला नाही.

सुशीला मीच सांगितलं. ती हातातली गोवरी घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "अठ्ठावीस वर्षांत एकदाबी असं झालं नाही. तुले मी काऊन बोलावलं होतं, आई?" ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पुन्हा दळायचं तर तो पहिला गहू संपलेला. घरात पोती आहेत, पण त्यातून खायला सुरुवात झालेली, तो चालत नाही. आणि रोट सूर्य मावळायच्या आत मजारीवर पोचला पाहिजे.

आम्ही तिघी हमीदाबाईंकडे गेलो. मुजावराची विधवा, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, दारात बसून मलिद्याची परात घासत होत्या. सुशीच्या सासूला त्या बहीण मानायच्या, म्हणून मला विहीणबाई म्हणतात. सगळं ऐकलं आणि आधी खो खो हसल्या.

"विहीणबाई, तुमच्याकडं समुद्र हाय, मीठ फुकट भेटत असन. म्हणून का आमच्या बाबाले बी खारवता?"

मला जरा धीर आला. म्हटलं, "मग चालेल ना? चिमूटच होती."

हसू थांबलं. परात बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "बाबाले चालते का नाही, ते सांगणारी मी कोण? पण मले नाही चालत. खारा रोट माह्यानं मोडवणार नाही. हातच होणार नाही माहा."

"काऊन, चाची?" हे पल्लवीने विचारलं. आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माह्या सासूनं सांगतलं, अळणी. तिले तिच्या सासूनं. काऊन, ते कोणीच कोणाले इचारलं नाही. माहा मोठा पोरगा म्हणते, अम्मी, हे आपल्या दीन-धरमात नाहीच, सोडून दे. तो यायचाच बंद झाला संदलाले. तू म्हणतं मानत नाही, तो म्हणते मनाई हाय. मी मधातल्या मधात परात घासून राह्यली." आणि त्या पुन्हा हसल्या, पण पहिल्यासारखं नाही. "बाई, तू इचारलं म्हणून सांगते. हा माहा धरम हाय का निस्ती सवय, मले नाही सांगता येत. अलग करून पाह्यलंच नाही कधी."

मग त्या उठल्या, आत गेल्या आणि एक मडकं घेऊन आल्या. रीतच अशी, की पहिल्या गव्हातला अर्धा यांच्या घरी हक्काचा पोचवतात. तो अजून मडक्यातच होता.

"घ्या. दळणार कोण?"

सुशीने मनगट धरलं होतं. मी दळते म्हणाले, तर हमीदाबाई म्हणाल्या, "तुम्ही बसा गुमान." आणि सगळं थांबलं. अकरा वाजून गेले होते. पल्लवीची गाडी केव्हाच गेली होती.

"मी दळते," पल्लवी म्हणाली. सुशीने मान वर केली. "पण आई, आधीच सांगते. मी सकाळी पोहे खाल्ले. उपास नाही. मी हात जोडणार नाही. अन् हे आज चूक झाली म्हणून, पुढच्या वर्षीचा शब्द नाही. चालत असन तर दळते. नसन चालत तर तसं सांगा, मले राग नाही."

मी सुशीकडे बघत होते. अठ्ठावीस वर्षं उपाशी राहून दळणारी माझी लेक. नाही म्हणाली तर रोट यंदाच बंद. हो म्हणाली तर पोहे खाल्लेल्या हाताचा रोट. मी तोंड उघडणार होते, पण म्हटलं आज आपण पुष्कळ केलं, गप्प बस.

सुशीने डोळे पुसले. "दळ," ती म्हणाली. "पण पदर खोच नीट. पिठात जाईल."

मडकं घेऊन आम्ही चौघी सुशीच्या घरी आलो. पल्लवीने जात्यात मुठी मुठीने गहू टाकायच्या ऐवजी एकदम ओंजळ ओतली. जातं जागचं हलेना. हमीदाबाई म्हणाल्या, "अवं, ते काही तुह्या मशीनसारखं नाही," आणि समोर बसून त्यांनी खुंट्याला हात लावला. मग दोघींनी मिळून दळलं. एक संदलाचा उपास धरलेली आणि एक पोहे खाल्लेली. पीठ सारखंच पडत होतं.

मळायला पुन्हा मीच बसले. सुशीचा हात चालत नव्हता, आणि पल्लवीला तेवढी कणीक आवरली नसती. हमीदाबाईंनी मिठाची बरणी उचलून आपल्या मांडीवर घेतली. "ही माह्यापाशी राहू दे, विहीणबाई." सुशीसुद्धा हसली तेव्हा. मी मळताना माझ्या हाताकडे असं बघत होते, जसं कोणी दुसऱ्याच्या द्वाड पोराकडे बघतं. आणि खरं सांगते, मधे एकदा तो उठला. चुलीकडे वळला. बरणी नव्हती म्हणून परत आला.

रोट भाजून झाला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. टोपलं जड. सुशीला उचलेना, मला डोक्यावर घेऊन चालायची सवय राहिली नाही. पल्लवीने घेतलं. शेताच्या वाटेने आम्ही चाललो, ती पुढे, दोन्ही हात वर टोपल्याला धरलेले. मजारीसमोर आलो. जोडायला हात नव्हते आणि पाठीमागे बांधायलाही नव्हते. मी बघतेय हे तिला पाठीमागून कसं कळलं कोण जाणे.

"आजी," ती मान न वळवता म्हणाली, "पाहून राह्यल्या ना?"

"नाही गं बाई, मी लिंबाचा मोहोर बघतेय."

हमीदाबाईंच्या पुतण्याने फातिहा म्हटला. त्यांनी रोट मोडला, हाताने चुरून त्यात तूप सोडलं आणि मलिदा वाटला. सुशीने डोळे मिटून खाल्ला. पल्लवीनेही घेतला. "अळणी हाय," ती म्हणाली, "पण बरा लागते."

पुढच्या वर्षाचं सुशीने विचारलं नाही. मला वाटलं होतं विचारेल. घरी येईपर्यंत ती फक्त पल्लवीच्या तळहाताला आलेला फोड बघत होती आणि हळद लाव म्हणत होती.

माझ्या खाऱ्या कणकेच्या आम्ही संध्याकाळी पोळ्या केल्या. जावई तीन खाऊन म्हणाले, "आज पोळ्या मस्त झाल्या. काय घातलं?"

घरी

परत येऊन मला आता तीन आठवडे झाले. परवा पल्लवीचा फोन आला. ठेचा पाठवू का विचारत होती, मी देवाची शपथ घालून नको म्हटलं. मग म्हणाली, "आजी, आईंनी एका डब्यावर चिठ्ठी लावली. 'पुढच्या वर्षी, पहिला गहू.' खाली नाव नाही लिहिलं कोणाचं."

"मग?"

"मग काही नाही. तुम्हाले सांगतलं."

मीही पुढे विचारलं नाही. मला शिकवायला जायची हौस फिटली आहे.

काल सोमवार होता. संध्याकाळी उपास सोडायला शिरा करायला घेतला. रवा भाजला, पाणी टाकलं, साखर टाकली, आणि बघते तर उजवा हात बरणीवर. चिमूट भरलेली. तशीच थांबले. सत्तर वर्षांत मी बिनमिठाचा शिरा खाल्ला नव्हता, कसा लागतो तेसुद्धा मला माहीत नव्हतं. म्हणून वाटीभर बाजूला काढला आणि तसाच खाऊन बघितला. वाईट नव्हता. जरा सपक, पण कोणी दिला असता तर खाल्ला असता.

मग कढईकडे वळले आणि मीठ टाकलं. हात तोच, चिमूट आईचीच. पण टाकताना या वेळी मी तिथे होते.